प्रवरेच्या माथ्यावरील जलाशय

कोल्हारहून पश्चिमेकडे निघणारा रस्ता कोल्हार-घोटी राज्यमार्ग म्हणून ओळखला जातो. लोणी, संगमनेर, अकोले, राजूर अशी गावे घेत तो प्रवरेच्या प्रवाहाच्या उलट दिशेने सह्याद्रीकडे चढत जातो. राजूरच्या पुढे शेंडीकडे वळले, की सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास संपतो आणि भंडारदऱ्याचा जलाशय समोर येतो. कोल्हारची व्यापारी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी ज्या पाण्याच्या दर्शनाला तिथे जातात, तेच पाणी त्यांच्या गावच्या पुलाखालून वाहत असते, ही गोष्ट मात्र प्रवासात क्वचितच ध्यानात येते.

समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर, रतनगड आणि कळसूबाईच्या रांगांमध्ये हे पाणी साठते. प्रवरेचा उगम रतनगडाच्या कुशीत आहे. धरणाचे काम 1910 मध्ये सुरू होऊन 1926 मध्ये पूर्ण झाले. तत्कालीन गव्हर्नरांच्या नावाने ते विल्सन धरण आणि जलाशय आर्थर लेक म्हटला गेला. 82 मीटर उंचीची ही दगडी भिंत त्या काळच्या भारतातील मोठ्या धाडसांपैकी एक होती. साठवणक्षमता 11,039 दशलक्ष घनफूट, म्हणजे बोलीभाषेत अकरा टीएमसी.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर पावसात आहे. जलाशयाच्या पश्चिम टोकाच्या घाटघरला पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो. कोल्हारच्या परिसरात तो पाचशेच्या आसपास थांबतो. वर पावसाळ्यात जमा करायचे आणि खाली उन्हाळ्यात कालव्यांच्या नावे टाकायचे, असा हा हिशेब. ओझर बंधाऱ्यावरून निघणाऱ्या डाव्या-उजव्या कालव्यांनी ऊस आणला, उसाने लोणीचा सहकारी साखर कारखाना आणला, आणि त्याच्या मागोमाग बाजारपेठेत पैसा खेळू लागला. आवर्तन लांबले, की शेतकऱ्याची उधारी लांबते, हे कोल्हारच्या दुकानदाराला कोणी शिकवावे लागत नाही.

येथील प्रेक्षणीय स्थळेही याच हिशेबाने चालतात. धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला धबधबा मोरीतून पाणी सोडले तरच फुलतो; एरवी तेथे काळा खडक दिसतो. शेंडीच्या अलीकडचा रंधा धबधबा पावसाळ्यात रौद्र असतो, त्याच्या काठाशी जाण्याचा मोह मुलांना होऊ देऊ नये. नौकाविहारासाठी पावसाळा सरल्यानंतरचे, भरल्या जलाशयाचे दिवस उत्तम. नावेतून रतनवाडीच्या दिशेने जाताना पाण्यात उतरलेले डोंगर पाहावेत. रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर आणि त्याची पुष्करणी यांसाठी निवांत वेळ ठेवावा. धावत्या भेटीत कोरीव काम दिसत नाही. तेथून साम्रद, घाटघर करीत जलाशयाला प्रदक्षिणा घालता येते. घाटघरच्या कड्यावरून कोकण एकदम पायाखाली येते. शेंडीत घरगुती जेवण मिळते. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपायचे असल्यास सकाळीच सांगून ठेवणे बरे.

मेअखेर ते जूनचा पंधरवडा काजव्यांचा. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे रात्री एका लयीत उजळतात. हा प्रकाश म्हणजे नर-मादीचा परस्परांना दिलेला संकेत. मोटारींचे दिवे आणि मोबाइलचे झोत त्यावर पडले, की संकेत विरतो. झाडाखाली गर्दीने तुडवलेल्या पाचोळ्यात तर पुढच्या वर्षांचे काजवे अळीरूपात असतात. मुंगी चुकवून पाऊल टाकणाऱ्या घरांतील माणसांनीही येथे अंधारात रान तुडवावे, हे विचित्रच म्हणायचे. त्यापेक्षा रस्त्यावरच दिवे विझवून उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले, की तेथूनही पुष्कळ दिसते.

या पाण्यावर आता वाटेकरीही वाढले आहेत. जलाशयाच्या काठच्या आदिवासी वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते, आणि 2005 च्या कायद्यापासून समन्यायी वाटपात जायकवाडीचाही हक्क मोजला जातो. त्यामुळे ऑगस्टमध्ये भंडारदरा किती भरले, ही बातमी कोल्हारात बाजारभावाइतक्याच उत्सुकतेने वाचली जाते. भंडारदरा आणि त्याखालचे निळवंडे अशी दोन्ही धरणे भरून पाणी सुटले, की ते खाली कोल्हारला पोहोचते. मग नगर-मनमाड रस्त्यावरील पुलाच्या कठड्याशी माणसे थांबतात आणि गढूळ पाण्याची पातळी खांबांवर कुठवर चढली, ते बोटाने एकमेकांना दाखवतात.