रॉडवाल्याच्या पायातला रॉड

अंबड, पौष

चि. बाळास,


काल वहिनींचा फोन आला होता. डॉक्टरांनी पायावर थोडं थोडं वजन द्यायला सांगितलंय, वॉकरही आणून ठेवलाय, आणि तू पलंग सोडायला तयार नाहीस म्हणे. का, तर मोडलेल्या नडगीत घातलेला रॉड वाकेल! जालन्याच्या एमआयडीसीत रोज सळया मोजणाऱ्या माणसाची भीती मला कळते. पण तू हिशोब लोखंडाचा करतोयस आणि पाय आहे हाडाचा. फोनवर तू काही ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र. कॉलेजात जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना हाडं शिकवली, घरचाच एक राहिला होता.

तुला मटणातली नळी आवडते ना? पुढच्या वेळी चोखण्याआधी कापलेली बाजू उजेडात धरून बघ. बाहेर पांढरं, गच्च कडं दिसेल. मध्ये मगज. आणि सांध्याकडच्या टोकाला बारीक हाडाची जाळी. जाळी बघून वाटतं, हा पोकळ भाग असाच राहून गेला असेल. तसं नाही. ज्या दिशेने भार येतो, त्या दिशेनेच जाळीच्या काड्या उभ्या असतात. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये हेर्मान फॉन मायर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला, तेव्हा कार्ल कुलमान हा इंजिनिअर तो बघून चकित झाला. क्रेनच्या वाकड्या दांड्यात ताण आणि दाब कसे वाहतात याच्या रेषा तो कागदावर काढत असे; त्याच रेषा हाडात आधीपासून होत्या.

आता तुझ्या भाषेत सांगते. सळई आणि काँक्रीट यांची जोडी का घालतात? काँक्रीट दाब सोसतं पण ओढलं की तडकतं, म्हणून ओढ सळईने घ्यायची. हाडातही दोन माल आहेत. दाब सोसणारं कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज, आणि ओढ सोसणारे कोलॅजन या प्रथिनाचे धागे. वजनाने सुमारे दोन तृतीयांश खनिज, उरलेल्यात बहुतेक धागे आणि थोडं पाणी. शिवाय तुमच्या टीएमटी सळईसारखंच बाहेर कडक, आत लवचिक. वजनाला वजन लावून तोललं तर ताकदीत हाड सळईच्या बरोबरीला येतं, बरं का.

यातला एक माल काढून घेतला की काय होतं, ते तू पाहिलंयस. आजोबांच्या अस्थी सावडायला तू आला होतास. एवढ्या दणकट माणसाची हाडं, आणि बोटांत धरली की त्यांचा भुगा होत होता. आगीत धागे जळतात, नुसतं खनिज उरतं. उलटंही करून बघता येतं: कोंबडीच्या तंगडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेव. खनिज विरघळून जातं आणि उरलेलं हाड रबरासारखं वाकतं. तुझ्या लेकाला दाखव, त्याला मजा येईल.

पण सळईची उपमा इथेच संपते, आणि तुझी चूक इथेच सुरू होते. बिलेटपासून सळई एकदा लाटली की ती तीच राहते. हाड मात्र रोज मोडलं आणि बांधलं जातं. काही पेशी जुनं हाड कुरतडतात, त्यांच्या मागून दुसऱ्या येऊन नवं भरतात. धडधाकट मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा वर्षाला असा बदलला जातो. हे सगळं चालतं रक्तावर. गच्च दिसणाऱ्या कड्यातही रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या असतात. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने १६९१ मध्ये त्यांचं वर्णन केलं.

आणि कुठे बांधायचं, कुठे कुरतडायचं, हे ठरतं भारावरून. १८९२ मध्ये जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ याने हे नियम म्हणून मांडलं. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड होतं. उलट अंतराळात, जिथे पायावर भारच पडत नाही, तिथे अंतराळवीरांच्या कमरेच्या हाडाची घनता महिन्याला एक-दीड टक्का घटते. तू पलंगावर पडून अंतराळवीरच झालायस, फक्त सरकारी खर्चाने नाही.

तुझ्या रॉडचं बघ. गुडघ्याखालून नडगीच्या पोकळीत तो सरकवतात आणि वर-खाली स्क्रूने अडकवतात. पोकळीत रॉड सरकवायची युक्ती मांडीच्या हाडासाठी जर्मनीत कीलच्या गेरहार्ट क्युन्चर यांनी १९३९ मध्ये पहिल्यांदा वापरली. स्टील हाडापेक्षा दहा-बारा पट ताठ असतं, टायटॅनियम पाच-सहा पट. म्हणजे भार आला की धातूच बराचसा उचलतो. तो काय वाकतोय! काळजी उलटी आहे. सगळा भार त्यानेच घेतला तर हाडाला वाटतं, आपलं काम नाही, आणि ते पातळ होत जातं. मोडल्या जागी आधी रक्त साकळतं, मग दोन-तीन आठवड्यांत मऊ गाठ धरते, मग तिचं कच्चं हाड होतं. या गाठीला अगदी बारीकशी हालचाल, थोडासा भार हवाच असतो. सांगितल्यापेक्षा जास्त मात्र नाही. मोटरसायकलला किक मारून बघायचा शहाणपणा करू नकोस.

शरीरातलं सगळंच असं जुळत नाही; हस्तिदंतच घे. भोकरदनला सत्तरच्या दशकात उत्खनन झालं, त्यात हस्तिदंताची एक तुटकी स्त्रीमूर्ती निघाली. १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेली हस्तिदंती मूर्ती अगदी तिच्याच घडणीची. ती आपल्या भोकरदनहूनच गेली असं मानणारे अभ्यासक आहेत. हस्तिदंतातही तेच खनिज, तेच कोलॅजन. पण दाताच्या गच्च भागात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून हत्तीचा सुळा मोडला तर तो परत जुळत नाही. तुझी नडगी जुळते, आणि जुळल्यावर जागेवर कातडीसारखा व्रण नाही, हाडच तयार होतं.

वहिनी विचारत होत्या, रॉडमुळे रक्त बनायचं थांबेल का. त्यांना सांग, तुझ्या वयात नडगीत बहुतेक पिवळा, चरबीचा मगज असतो. सेकंदाला २० लाखांच्या आसपास तांबड्या पेशी घडतात त्या कमरेच्या, छातीच्या, पाठीच्या मणक्यांच्या हाडांत. आणि नात्यातल्या कुणी तेल लावून पाय ओढायला कुणाकडे न्यायचं सुचवलं, तर त्यांना माझा नंबर दे.

संक्रांत आलीच आहे, तीळ भरपूर खा; शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, ज्वारीत जेमतेम पंचवीस-तीस. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडातून काढून घेतं, हृदय चालायला हवं म्हणून. तेव्हा पायाने कितीही तक्रार केली तरी त्याचं कुणी ऐकत नाही. दुपारच्या उन्हात थोडं ओट्यावर बस. सिगारेट तू सोडलीस असं सूनबाईला सांगितलंयस, मला नको सांगूस. सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो.

पुढच्या एक्स-रेचा फोटो मोबाइलवर पाठव. भेगेभोवती ढगाळ पांढरं काही दिसलं तर ती नव्या हाडाची गाठ, घाबरू नकोस. आणि काही महिन्यांनी डॉक्टर रॉडचा एका टोकाचा स्क्रू काढू म्हणाले, तर रॉड ढिला करतायत असा गैरसमज करून घेऊ नकोस. भार धातूवरून हाडावर यावा म्हणून ते तसं करतात. वॉकर घेऊन न्हाणीपर्यंत तरी आजपासून जा. मी रविवारच्या एसटीने येते.

तुझी,
आत्या