डिस्मल स्वॅम्पच्या काळ्या पाण्यावरून

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शिडाच्या होड्या दक्षिणेची वाट धरतात. मेनहून, मेरीलँडहून, थेट कॅनडाहून आलेल्या होड्या व्हर्जिनियातल्या नॉर्फोकला जमतात. चक्रीवादळांचा मोसम सरत आलेला असतो, आणि अनेक विमापत्रांत 1 नोव्हेंबरच्या आत फार दक्षिणेला जायला मनाई असते. दादाची 34 फुटी होडीही त्या गर्दीत होती. दादा, वहिनी आणि मी. दिवाळी नुकतीच झाली होती, म्हणून खालच्या कप्प्यात डाळ-तांदळाशेजारी चकलीचा डबा होता.

समुद्र शेजारी असताना नदी-कालव्यांतून का जायचं, हे नकाशा पाहिला की कळतं. नॉर्थ कॅरोलायनात केप हॅटरस समुद्रात पार पुढे आलंय. तिथून गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह ईशान्येकडे वाहतो आणि थंडीच्या लाटेबरोबर येणारा उत्तरेचा वारा त्याला सामोरा भिडतो. मग उभ्या भिंतींसारख्या लाटा उठतात. तिथे इतकी जहाजं बुडाली आहेत की त्या टापूला अटलांटिकची दफनभूमी म्हणतात. इंट्राकोस्टल वॉटरवे हा त्याला आतून वळसा घालणारा मार्ग. नद्या, खाड्या आणि खोदलेले कालवे जोडून तो केला आहे. नॉर्फोकच्या बंदरात त्याचा शून्य मैल. पुढे दक्षिणेकडे जाताना तांबड्या खुणा उजव्या हाताला ठेवायच्या, एवढं मला पहिल्याच दिवशी पाठ झालं.

आरमाराच्या करड्या जहाजांना मागे टाकून थोडं पुढे गेल्यावर वाट फुटते. मालवाहू बार्ज आणि मोठ्या नौका डावीकडच्या रुंद कालव्याने जातात. आम्ही उजवीकडे वळलो, डिस्मल स्वॅम्प नावाच्या दलदलीतून जाणाऱ्या कालव्याकडे. दादाला तोच हवा होता आणि मलाही. त्याची खोली जेमतेम 6 फूट, त्यामुळे खोल बुडाच्या होड्या इकडे येत नाहीत. डीप क्रीकच्या लॉकमध्ये होडी शिरली, मागचा दरवाजा मिटला आणि पाणी चढू लागलं. वहिनी नाळेवर, मी मागे. दोघी हातातले दोर हळूहळू ओढून घेत होतो. साधारण 8 फूट वर आल्यावर पुढचा दरवाजा उघडला आणि समोर सरळ रेघेसारखा कालवा दिसला.

पाणी काळं आहे. सायप्रस आणि ज्युनिपरच्या मुळा-सालींतलं टॅनिन त्यात उतरतं. पेल्यात घेतलं तर बिनदुधाच्या चहाचा रंग. हे पाणी लवकर नासत नाही, म्हणून पूर्वी जहाजं लांबच्या सफरीसाठी पिंपं भरून घेत. दोन्ही काठांवर मेपलची तांबडी-पिवळी पानं होती आणि पाण्यावर पहाटेचं धुकं. पारा 4 अंशांवर. डेकवरचं दव इतकं गार होतं की दोराला हात लावला की बोटं बधिर व्हायची. शिडाला इथे जागा नाही, नुसतं इंजिन. पाण्याखाली बुडालेले ओंडके असतात. एखादा तळाला ठक्कन लागला की तिघंही गप्प होतो.

हा कालवा 22 मैलांचा. 1793 साली खोदकाम सुरू झालं, 1805 साली तो खुला झाला. जॉर्ज वॉशिंग्टनने त्याआधी, 1763 मध्ये, या दलदलीतलं लाकूड आणि जमीन मिळवण्यासाठी भागीदारीत कंपनी काढली होती. तिच्यासाठीही गुलामच राबले. कालवा खोदला तोही गुलामांनीच. मालक त्यांना भाड्याने देत आणि मजुरी खिशात घालत.

मोझेस ग्रँडी याच भागातला. गुलाम असताना तो या कालव्यावर मालाच्या होड्या चालवायचा. 1843 साली लंडनमध्ये छापलेल्या आत्मकथनात त्याने लिहिलंय की कंबरभर, कधी त्याहूनही खोल चिखलपाण्यात उभं राहून माणसं मुळं तोडत, गाळ उपसत. स्वतःच्या सुटकेची किंमत त्याने तीनदा मोजली. दोनदा मालकांनी पैसे घेतले आणि शब्द मोडला. सुटल्यावर तो उत्तरेला गेला, जहाजांवर राबला आणि एकेक करून बायकामुलांच्या सुटकेसाठी पैसे साठवत राहिला.

याच दलदलीत आत, कोरड्या उंचवट्यांवर, पळून आलेले गुलाम पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून राहिले. पुरातत्त्वज्ञ डॅनियल सेयर्स यांना तिथे त्यांच्या झोपड्यांच्या खुणा सापडल्या आहेत. एका जागी ज्यांना विकलं जात होतं, त्यांना काही मैलांवरच्या काट्याकुट्यांत मोकळा श्वास घेता येत होता. सुकाणू धरून बसले असताना मी त्या झाडीकडे सारखी बघत होते. वॉशिंग्टनचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या हातांनी ही वाट निघाली त्यांतली बहुतेक नावं कुठे लिहिलेलीच नाहीत, आणि आजही थंडीवाऱ्यापासून जपून इथून जाणारी प्रत्येक होडी त्यांच्याच कष्टांवरून जाते. हे मला तिथे फार जड वाटलं. दादाही बराच वेळ बोलला नाही.

साउथ मिल्सच्या लॉकने आम्हाला पुन्हा खाली उतरवलं. पास्क्वोटँक नदीची वळणं घेत एलिझाबेथ सिटीला पोचलो. या गावाने होड्यांसाठी फुकट धक्का ठेवलाय. 1983 पासून गावातली म्हातारी मंडळी येणाऱ्या होडीतल्या बायकांना गुलाबाचं फूल द्यायची, त्यावरून गाव प्रसिद्ध झालं.

पुढे अल्बेमार्ल साउंड. पसारा समुद्रासारखा, खोली मात्र जेमतेम 20 फूट. म्हणून थोड्या वाऱ्यानेही आखूड, उंच लाटा एकामागून एक येतात. वारा उत्तरेचा होता, आमच्या पाठीशी. दादाने इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "ताई, धर सुकाणू. शीड उभारतो."

इंजिनाची धडधड थांबल्यावर वाऱ्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. होडी कलली, वहिनीचा चहा कपातून सांडला आणि ती मोठ्याने हसली. दुपारी अ‍ॅलिगेटर नदीच्या फिरत्या पुलाला दादाने रेडिओवरून हाक दिली. महामार्गावरची वाहनं थांबली आणि पूल हळूहळू बाजूला वळला. वरून टुंड्रा हंसांचा थवा गेला. आर्क्टिककडून येऊन ते हिवाळाभर इथल्याच तळ्यांवर राहतात.

रात्री नांगर टाकल्यावर हवामानाचा अंदाज ऐकला. दुसऱ्या दिवशी वारा आणखी वाढणार होता. पुढच्या नूस नदीचं पात्र रुंद आणि उघडं, अशा वाऱ्यात तिथे जाण्यात अर्थ नव्हता. पुंगो कालव्यातून बेलहेवन गावापर्यंत जायचं आणि वारा पडेपर्यंत तिथेच थांबायचं ठरवून आम्ही चकलीचा डबा उघडला.