महिनाअखेर

विद्यार्थ्याचा महिना एक तारखेला सुरू होत नाही. घरून पैसे आले की तो सुरू होतो आणि पैसे संपले की, कॅलेंडर काही का म्हणेना, संपतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मराठवाड्यातून पुण्याला एम. ए.ला आलो तेव्हा माझा महिना साधारण सात-आठ तारखेला उजाडायचा. वडील प्राथमिक शिक्षक. पगार झाला की ते पोस्टात जाऊन मनिऑर्डर करत. शेकड्याला पाच रुपये कमिशन जाई आणि ते त्यांना फार लागे. फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी चिंचोळी जागा असायची, तिथे 'तब्येत सांभाळणे'च्या शेजारी ते कमिशनचा आकडाही लिहीत. मुलाला कळलेलं बरं.

गणेशखिंडीतल्या विद्यापीठाचा परिसर पहिल्यांदा बघणारा जरा दबूनच चालतो. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्यात इथे मुक्कामाला असे. 1897 च्या जूनमध्ये राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ इथेच झाला आणि तिथून परतणाऱ्या रँडला चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गाठलं. 1949 मध्ये विद्यापीठ सुरू झालं आणि गव्हर्नरच्या वाड्याची मुख्य इमारत झाली. एवढा इतिहास उशाशी, आणि आमच्या खोलीत वाद कशाचा, तर आज मेसला वाटाण्याची उसळ असेल की बटाट्याचा रस्सा. मला यात काही कमीपणा वाटत नाही. विद्यार्थिदशेवर भाषण करणारे ध्येय, संघर्ष, अपयश याच्या खाली उतरत नाहीत. पण परीक्षा वर्षातून दोनदा, प्रेमभंग बहुतेकांच्या वाट्याला एखाददुसरा. मधले सगळे दिवस वरखाली होतात ते भाजीवर, बसायला मिळालेल्या जागेवर आणि खिशावर. जयकर ग्रंथालयात खिडकीजवळची खुर्ची मिळाली की त्या दिवशी आपण विद्वान होणार याची खात्री वाटायची. खुर्ची गेली की चहा प्यायला बाहेर.

आमची मेस विद्यापीठाबाहेर एका घराच्या तळमजल्यावर होती. पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर तारखांचे चौकोन, सकाळ-संध्याकाळ असे दोन भाग. दारातल्या टेबलावर काका पेन्सिलीने फुली मारत. वीस तारखेपर्यंत त्या कार्डाला इतके तेलकट अंगठे लागलेले असत की फुली उमटत नसे. काका मग पेन्सिलीचं टोक जिभेला लावून पुन्हा गिरवत. गावी जायचं तर खाडा आदल्या दिवशी सांगायचा. सलग तीन दिवसांच्या आतला खाडा धरायचा नाही. रविवारी संध्याकाळी मेस बंद, पण तो खाडा नव्हे. या शेवटच्या कलमावर वर्षभर खल चाले. माझा रूम पार्टनर कायद्याचा विद्यार्थी. 1872 च्या करार कायद्याचा त्याने आयुष्यातला पहिला वापर केला तो काकांवर. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग उद्यापासून दुसरी मेस बघतोस का?" खटला तिथेच निकाली निघाला.

रविवारी दुपारी फीस्ट असे. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, मसालेभात आणि दोन गुलाबजाम. वाढायला काकू स्वतः उभ्या राहत, कारण गुलाबजाम मोजून द्यायचे तर ते काम नोकरावर सोडण्यासारखं नव्हे. गुलाबजाम वाटीत टाकताना त्या पळी किंचित तिरकी करत आणि पाक पातेल्यात परत सोडत. ज्याच्यावर मर्जी, त्याच्या वाटीला पळी सरळ. आठवडाभरात आपण काय कमावलं-गमावलं ते त्या पाकावरून कळायचं. पैसे थकवणाऱ्याची वाटी कोरडी, आजारी पडून उठलेल्याची भरलेली. एकदा सेमिनारमध्ये माझी पार दाणादाण उडाली होती, त्या रविवारी वाटीत पाक होता. काकूंना सेमिनार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण मी दोन दिवस जेवताना कुणाशी बोललो नव्हतो, हे त्यांनी पाहिलेलं असणार.

पंचवीस तारखेनंतर आमच्या मजल्याचा नूर बदलायचा. एका चहाचे दोन होत. पीएमटीने जाणारे सायकलवाल्याच्या मागे बसू लागत. झेरॉक्स एकानेच काढायची आणि बाकीच्यांनी रात्रीत वाचून पुढे सरकवायची. कपड्याचा साबण तर दोऱ्याने कापून वाटलेला मी पाहिला आहे. आणि उधारी. तिचं एक ठरलेलं चक्र होतं. बँकेतल्या कारकुनाच्या मुलाचे पैसे सर्वांत आधी येत, त्यामुळे महिना संपता-संपता मजल्यावरचा कुबेर तोच. आठवड्याने माझी पाळी. मग एसटीतल्या वाहकाच्या मुलाची. कुणाकडे कधी पैसे असतात आणि कधी नसतात हे सगळ्यांना पाठ, त्यामुळे मागताना फार शब्द लागत नसत. दारात उभं राहायचं. आतला म्हणायचा, "किती?"

या चक्रात न बसणारा एक होता. त्याच्या घरी पाच एकर कोरडवाहू. त्याला महिना नव्हता, हंगाम होता. तो वर्षभर सगळ्यांकडून थोडेथोडे घ्यायचा, वहीत टिपून ठेवायचा आणि तूर विकली गेली की गावाहून येऊन दोन दिवसांत सगळ्यांचे फेडायचा. वर आम्हाला हॉटेलात मिसळ खाऊ घालायचा. ती मिसळ मजल्यावर दिवाळीसारखी साजरी व्हायची.

आनंदाचेही दिवस असे घाऊक यायचे. पुरुषोत्तम करंडकाचे दिवस आले की कुणीतरी कुठून तरी पास मिळवायचं आणि आम्ही भरत नाट्य मंदिराकडे सायकली हाणायचो. 1963 पासून चालत आलेली ही एकांकिका स्पर्धा. तिथे नाटकापेक्षा 'आवाज कुणाचा' ही आरोळी ठोकण्यात ज्यांना रस, त्यांच्यातलाच मी. ज्या कॉलेजात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं, त्याच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडलो आहे.

हे सगळं आमच्या पिढीनं शोधलं, असं मात्र नाही. पुण्यात गरीब विद्यार्थी पूर्वी वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. शिक्षणाची गाडी आधी ताटाशी अडते हे ज्यांनी ओळखलं त्यांनी शाळा-कॉलेजांच्या आधी किंवा बरोबरीने वसतिगृहं काढली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उघडलं आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली, आणि 'कमवा आणि शिका' म्हणताना कमवा हा शब्द आधी ठेवला. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी 1955 साली विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली ती खेड्यातून येणाऱ्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय लावण्यासाठीच. आमच्या मजल्यावरचा एक जण 'कमवा व शिका'मध्ये सकाळी पुस्तकांवर फडकं मारायचा. एम. ए.च्या दोन वर्षांत त्याने आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त पुस्तकं हाताळली, आणि फडकं फिरवता-फिरवता बरीच वाचलीसुद्धा.

आमचा निकालही असाच सगळ्यांसमोर लागायचा. फलकावर कागद डकवले जात आणि पुढे घुसलेला कुणीतरी मोठ्याने बैठक क्रमांक वाचायचा. पास-नापास चव्हाट्यावरच व्हायचं. नापास झालेल्याला लगेच दोघे जण बाजूला घेत, चहाचे पैसे त्या दिवशी त्याने द्यायचे नाहीत असा दंडक. आता निकाल ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर येतो. माझ्या वर्गात मी पाहतो, मुलं भिंतीकडे तोंड करून स्क्रीन उघडतात, बघतात आणि चेहरा नीट करून मगच वळतात. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने लटकले, तेव्हा मात्र मुलं रस्त्यावर उतरली. अखेर कुलगुरूंना जावं लागलं. सगळ्यांचं एकदम अडलं की राग सगळ्यांचा होतो. एकट्याचं अडलं की तो हेल्पलाइनला फोन लावत बसतो.

मी आता तालुक्याच्या गावी शिकवतो. इथून पदवी घेऊन दरवर्षी काही मुलं-मुली पुण्या-संभाजीनगरला जातात आणि सुट्टीत भेटायला येतात. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली : त्यांना महिनाच नाही. 1880 पासून चालत आलेली जुन्या पद्धतीची मनिऑर्डर 2015 मध्ये बंद झाली, पुढच्याच वर्षी यूपीआय आलं. आता घरून पैसे येतात ते शंभर, दीडशे, कधी साठ. दुपारी येतात, रात्री अकराला येतात. मोबाइल टिंग वाजतो आणि मुलगा श्रीमंत होतो. रिचार्ज मारला की पुन्हा गरीब. एका दिवसात चार-चार महिनाअखेर. शेजारच्या कॉटवरच्याला पत्ता नाही, कारण शेजारच्याची भरती-ओहोटी वेगळ्या वेळेला चाललेली. पाच जणांनी मिळून बिर्याणी मागवली तर हिशेब अॅपवर होतो आणि सदतीस रुपये सदतीस रुपये म्हणूनच परत जातात. उधारी नाही, म्हणजे दारात उभं राहणं नाही. खरी नड पडलीच तर कर्ज देणारं अॅप आहे. ते 'किती' एवढंच विचारून थांबत नाही, तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागतं.

सरकारी मदत आहे, नाही असं नाही. अनुसूचित जातीच्या ज्या मुलाला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याला स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात राहण्या-जेवण्यासाठी वर्षाला 60,000 रुपये धरले आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून पूर्ण माफ झालं. ही लहान गोष्ट नव्हे. फक्त अनुदान हप्त्याने येतं आणि भूक दिवसातून दोनदा लागते, ही अडचण शाहू महाराजांच्या वेळी होती तशीच आहे.

आमच्या मजल्याची गोष्ट मी वर्गात बऱ्याचदा सांगत असे. निरोप समारंभाला तर हमखास. तंगी सगळ्यांना मिळून आली की सोसते, एकट्याने लपवून ठेवली की सडते, असा एकूण सूर. मुलं ऐकून घेत. सर रंगात आले की मुलं ऐकून घेतातच.

गेल्या दिवाळीत एक माजी विद्यार्थिनी कागदांवर सही-शिक्का घ्यायला आली. पुण्यात एमसीए करते, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते. वडील एसटी स्टँडसमोर हातगाडीवर भाजी विकतात. गाडीच्या दांडीला क्यूआर कोडची पाटी तारेने बांधलेली आहे, मीही तिथे पैसे दिले आहेत. शिपाई शिक्का शोधत होता तेवढ्यात मी बोलता-बोलता तोच विषय काढला, तुमचा महिनाच हरवलाय वगैरे.

ती हसली. म्हणाली, "सर, बाबांकडे एका वेळी तीन हजार कधीच नसतात. मनिऑर्डरच पाठवायची असती तर मी पुण्याला गेलेच नसते. मेथीच्या जुड्या संपल्या की शंभर येतात, बाजाराच्या दिवशी तीनशे. तुम्ही जे शंभर मोजले ना, आता दिले आता आले, त्यातलेच."

मी म्हटलं, "ते खरंय. पण रूममध्ये कुणाला सांगतेस का, आज नाहीयेत म्हणून?"

"कशाला सांगू? तुमच्या वेळी सगळ्यांना माहीत असायचं आणि तुम्हाला ते बरं वाटायचं, कारण तुमचे आठ दिवसांनी येणारच होते. ज्याचे येणार की नाही तेच माहीत नाही, त्याला सगळ्यांना कळलेलं बरं वाटत असेल का?"

शिक्का सापडला. शिपायाने तो वहीच्या मागच्या पानावर मारून पाहिला, शाई वाळलेली होती, म्हणून पॅडवर पाण्याचे दोन थेंब टाकले. ती कागद पुढे सरकवत होती आणि माझ्या डोक्यात पाच एकर कोरडवाहूवाला मित्र घोळत होता. त्याची ती नीट आखलेली वही. तुरीचे पैसे आल्यावर आधी सगळ्यांचे फेडून मगच खाऊ घातलेली मिसळ, आणि बिल देताना कुणालाही खिशात हात घालू न देणं. इतकी वर्षं मी त्याला दिलदारपणा म्हणत आलो होतो.