मधली वर्षं

बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून आमच्या वसईच्या घरातली संध्याकाळची रोझरी जरा लांबते. पाच रहस्यांची पाच दशकं, 50 नमो मारिया, आणि मग आईची स्वतःची भर: ‘ह्यांची वाचा परत येऊ दे.’ रोज तेच शब्द. माळ बाबांच्या डाव्या हातात असते, उजवा गेलाय. अंगठा मध्येच एखाद्या मण्यावर घुटमळतो, मग आई तो हलकेच पुढे सरकवते.

लूकच्या 18व्या अध्यायातली विधवा हल्ली फार आठवते. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही. तरी ही बाई खेटे घालतच राहते, आणि शेवटी कटकट नको म्हणून तो तिला न्याय देतो. प्रार्थनेसाठी येशूने हेच उदाहरण का निवडावं? देव तसा नाही, हेच सांगायचं होतं, हे कळतं. पण वाट पाहणाऱ्याला तो अधूनमधून अगदी तसाच वाटतो, त्याचं काय करायचं?

संत मोनिका आपला मुलगा ऑगस्टीन ख्रिस्ताकडे वळावा म्हणून वर्षानुवर्षं रडली. 387च्या ईस्टरला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी ती ओस्तियाला वारली. प्रवचनात ही गोष्ट झटकन बाप्तिस्म्यापाशी पोचते. मला मधली वर्षं ऐकायची असतात.

बाबा अजून बोलत नाहीत. आईच्या मागण्यातली कळकळ मात्र निवलीय. ती थकलीय की निश्चिंत झालीय, मला ठरवता येत नाही. एकदा विचारलंही. म्हणाली, ‘तू आधी पुढचं रहस्य सुरू कर.’