थेंबांचा हिशेब

आमच्या घरात म्हणीसुद्धा दोन भाषांत चालतात. आई 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणायची, आणि आजी तीच गोष्ट 'हनी हनी गूडिदरे हळ्ळ' अशी कन्नडमध्ये ऐकवायची. थेंबाची खरी किंमत मात्र मला अक्काच्या सासरी, भीमपूरला कळली.

भीमपूर आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या बाजूचे. नदीपलीकडे महाराष्ट्र. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, आसपासच्या गुड्यांवर गोंडी. एका उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी अक्का अगदी गळून गेली. सलाईन लावून तिला जीपने आदिलाबादला न्यायचे ठरले. बाटली धरायला मी. सिस्टर म्हणाल्या, "ताई, हात खाली येऊ देऊ नका, आणि थेंबांकडे लक्ष ठेवा." अक्का त्यातून बरी झाली, पण तो रस्ता माझ्या खांद्याला अजून आठवतो.

हिशेब तसा साधा. नेहमीच्या नळीत २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. ५०० मिलिलिटरची बाटली चार तासांत जायची तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत. बाटली उंच असते म्हणूनच पाणी शिरेत उतरते. हात खाली आला की थेंब मंदावतात. बाटली फारच खाली गेली तर रक्त उलटे नळीत चढते. वेग भलताच वाढला, तर हृदय अधू असलेल्या माणसाच्या फुप्फुसांत पाणी साचून धाप लागते.

हे काम पंप करतो. धार काढताना बोटे एकामागून एक मिटतात ना, तशाच त्यातल्या पट्ट्या नळी दाबत पाणी पुढे सरकवतात. उंची लागत नाही. हवेचा बुडबुडा आला किंवा नळी अडली की यंत्र ओरडते. अमेरिकेत डीन केमेन या तरुणाने १९७० च्या दशकातच अंगावर बाळगता येईल असा औषधाचा पंप बनवला होता.

अक्काची मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे आणि तिने प्रोजेक्टला हाच विषय घेतला आहे. ती म्हणते, "मावशी, पंप लहान करणे जमेल, तो इथे चालवणे अवघड." बॅटरी टिकली पाहिजे, धक्क्यांनी थेंब चुकता कामा नये. थोडे थोडे औषध देण्यासाठी विजेवाचून चालणारे रबरी फुग्याचे पंपही असतात. पण उन्हाने औषध पातळ झाले की ते वेगाने वाहते, आणि आदिलाबादचा मे महिना म्हणजे ४४-४५ अंश!

यंत्र आले म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे २००५ ते २००९ या काळात अशा पंपांबाबत सुमारे ५६,००० तक्रारी आल्या. त्यांत जसे यंत्रातले बिघाड होते, तसाच पडद्यावरच्या सूचना नीट न कळल्याने झालेला घोटाळाही होता.

म्हणून भाचीने बटणांवर चित्रे काढली आहेत, आणि भोंगा वाजला तर काय करायचे ते मराठीत आणि तेलुगूत लिहिले आहे. आपल्या दुभाषी घरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. औषधाच्या डब्यावरचे इंग्रजी वाचायला आपण शाळकरी पोराला हाक मारतोच. पण मध्यरात्री पंप ओरडला, तर उशाशी बसलेल्या, अंगठा उठवणाऱ्या आजीलाही त्याचे म्हणणे कळले पाहिजे.