परसातले हेलिकॉप्टर

बियाण्याची पिशवी घेतानाही दहा प्रश्न विचारायचे, ही आम्हा जालनेकरांची सवय. मग नातवासाठी रिमोटचे हेलिकॉप्टर घेताना मी दुकानदाराला सहजी कसा सोडणार?

सर्वांत स्वस्त होते ते इन्फ्रारेड किरणांवरचे. दिवाणखान्यात ते ठीक. परसातल्या उन्हात ते आपली आज्ञाच विसरते. रेडिओलहरींवरची दोन उरली. एकाला डोक्यावर एक पंखा आणि शेपटीला दुसरा: चपळ, पण हात पक्का हवा. दुसऱ्याला एकावर एक असे दोन पंखे, परस्परांच्या उलट फिरणारे. एकाची गिरकी दुसरा मोडतो, म्हणून ते हवेत शहाण्यासारखे उभे राहते. मात्र झुळूक आली की गेलेच मोसंबीत!

नातवाचे बोट अर्थातच चपळावर. माझ्या हातांना आताशा कंप असतो, हे त्याला कुठे ठाऊक? मी मुकाट्याने शहाणे तेच घेतले. ‘नातवासाठी’ ही निव्वळ सबब, हे हिने दारातच ओळखले.

पुण्याहून तो चारच दिवसांसाठी आलेला. आणि आमच्याकडे वारा पडतो तो पहाटे. अभ्यंगस्नानासाठी ज्याला हाका मारमारून उठवावे लागले, तोच दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता माझ्या उशाशी उभा!

“आजोबा, पान हलत नाहीये. चला ना!”