पडद्यावरच्या जिजाईचं देणं

तुकोबांचं ऋण देहूत सगळेच मानतात. मी मानतो ते त्यांच्या बायकोचं, जिजाईचं, आणि तेही पडद्यावरच्या.

आमच्या घरी प्रभातचा ‘संत तुकाराम’ टीव्हीवर लागला की आजी पदर सावरून, हात जोडून बसायची. मी बाहेर खेळायला पळायचो. देवळात कीर्तन, घरात कीर्तन, त्यात हा काळापांढरा सिनेमा म्हणजे तिसरं कीर्तन, अशी माझी समजूत. पुढे आयटीआय करून चाकणजवळच्या महाळुंग्यात एका व्हेंडर कंपनीत सीएनसी मशीनवर लागलो आणि सिनेमाचा नाद जडला, तेव्हाही माझे गुरू कोरियाचे, इराणचे. घराशेजारच्या गोष्टीकडे वळून बघावं असं कधी मनात आलं नाही.

मित्रांनी पैसे घातले, कॅमेरा उसना आणला आणि एक लघुपट केला. कंत्राट संपल्यावर गेटवरून परत पाठवलेल्या पोराची गोष्ट. नाईट शिफ्ट करून दिवसा एडिटिंग करायचो. दोस्तांनी पाहून पाठ थोपटली. मग जानेवारीत, पार्टनरशी शिफ्ट बदलून, पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला गेलो. हा महोत्सव 2002 पासून भरतो आणि आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर, पण तोवर माझं तिकडे पाऊल पडलं नव्हतं. खिशात पेन ड्राइव्ह होता. कुणीतरी मोठा माणूस भेटेल, तो पाहील, काहीतरी होईल, असा हिशोब.

कोथरूडच्या चित्रपटगृहाबाहेरच्या रांगेत सगळे एकमेकांना ओळखत होते. निदान मला तसं वाटलं. मी पुस्तिका उघडून बसलो. पुढच्या एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, “कुठून आलात?”

“देहूहून. चाकणला कामाला आहे, काका.”

“अहो, मग तुमच्या गावाचा सिनेमा तुमच्या आधीच महोत्सवाला जाऊन आलाय. 1937 साली, व्हेनिसला!” आणि पुस्तिकेतल्या पुरस्कारावर बोट ठेवलं. इथल्या उत्तम मराठी चित्रपटाला राज्य शासन जो पुरस्कार देतं, तो ‘संत तुकाराम’च्याच नावाचा. मी मान डोलावली, जणू मला ठाऊकच होतं.

पेन ड्राइव्ह त्या दिवशी खिशातच राहिला. पुढे लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात तो सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहायला मिळाला. हे संग्रहालय 1964 साली सुरू झालं. पी. के. नायर या मल्याळी माणसाने आयुष्यभर रिळं शोधून शोधून ते उभं केलं, म्हणून माझ्यासारख्याला इतक्या वर्षांनी ही संधी. शेजारीच पूर्वीचा प्रभात स्टुडिओ, म्हणजे आजची फिल्म इन्स्टिट्यूट.

विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम मला आजीमुळे पाठ होते. गौरीबाईंची जिजाई मात्र मी पहिल्यांदाच पाहिली. पोर तापाने फणफणलंय, घरात दाणा नाही, नवरा विठ्ठल विठ्ठल करतोय. ही बाई चप्पल घेऊन थेट देवावर धावून जाते. तिचा जीव म्हशीत, चुलीत, पोरांत. शेवटी विमान येतं, तुकोबा जातात, जिजाई मागे राहते. दिग्दर्शकांनी तिला कुठेच खोटं ठरवलेलं नाही. भक्ताइतकंच तिचंही खरं. ही गौरी प्रभातमध्ये हलकी कामं करता करता पडद्यावर आलेली, हे नंतर वाचलं तेव्हा तिच्या हातांना कामाचं वळण कुठून आलं ते कळलं.

दामले आणि फत्तेलाल या दिग्दर्शकांची गोष्ट तर मला घरचीच वाटली. दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या तालमीत घडलेले. बाबूरावांनी कॅमेरा स्वतः घडवला, तेव्हा दामले त्यांच्या हाताशी होते. पुढे दामले ध्वनीचे जाणकार झाले, फत्तेलाल कलादिग्दर्शक. म्हणजे माणसं हत्यार हातात धरणारी. लेथवर एक जॉब नीट बसवायला किती वेळ जातो ते मला माहीत असल्याने त्यांच्याबद्दल जास्तच आदर वाटला. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला अभंग लोकांनी तुकोबांचाच समजून गायला; इतकं काम करून कुणी आपलं नाव मागे ठेवावं, हे सोपं नाही.

घरी येऊन माझा लघुपट लावला. त्यातला पोरगा भाषण केल्यासारखा बोलत होता. त्याची बायको दोन वेळा दारात दिसत होती, तीही चहा घेऊन. ओव्हरटाइम बंद झाल्यावर किराणा कसा भागवायचा, भिशीचा हप्ता कोणाकडे मागायचा, ते तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. ती कहाणी पुन्हा लिहिली. या वेळी शेजारच्या वहिनींकडे जाऊन बसलो, महिन्याचा हिशोब त्यांच्या वहीतून उतरवून घेतला. आता गेटवरचा प्रसंग दीड मिनिटाचा आहे, बाकी सगळं घरात घडतं.

नवा लघुपट एका महोत्सवात लागला, तेव्हा वहिनींना पुढच्या रांगेत बसवलं. खेळ संपल्यावर त्या म्हणाल्या, “भावजी, किराण्याचा आकडा जुना घेतलात. तेल आता महाग झालंय.”

दामले-फत्तेलाल यांनी 1940 साली ‘संत ज्ञानेश्वर’ही केला. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी, आणि पलीकडे चाकणची आमची एमआयडीसी. तो सिनेमा मी अजून मोठ्या पडद्यावर पाहिलेला नाही. तेवढं कर्ज अजून घ्यायचं आहे.